गोदामावशीची रेखा

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाय. बायकोलाबी न्हाय. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही जळकोटचे न्हाय, एवढंच म्हणा.

मी पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवतो, आणि मेलेल्या माणसांची चित्रं काढतो. फोटो नसला तरी काढतो. घरच्यांना समोर बसवायचं, विचारायचं — नाक कुणावर गेलं होतं, हसताना गाल कसा व्हायचा — आणि पुसत, सुधारत चेहरा जुळवायचा. पेंटरचा हात लई चालतो, असं लोक म्हणायचे. मलाबी ते खरं वाटायचं.

गोदामावशीची रेखा नवव्या वर्षी तापानं गेली. वीसेक वर्षं झाली त्याला. एकबी फोटो न्हाय. डोळे मिटायच्या आधी लेकीचं तोंड भिंतीवर बघायचं, एवढंच मावशींना हवं होतं. मी तीन चित्रं काढली. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली. ‘ही न्हाय, पेंटर.’ मला राग यायचा. एवढी आठवण आहे तर नीट सांगा की! — त्या म्हातारीवर राग. काय माणूस मी!

मग एका कामानं तेरला गेलो. हातात वेळ होता, म्हणून तिथल्या संग्रहालयात शिरलो. काचेमागं दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची मुंडकी मांडलेली. त्यात एक पोरीचं — अंगठ्याएवढं, गाल गोल, ओठ जरासे उघडे, बोलता बोलता थांबल्यासारखे. कानात मोठाली फुलं. मी बाजूला सरकलो, तर तिची नजर माझ्यामागं आली. अंगावर सर्रकन काटा आला. तरी वही काढली. आणि खोटं कशाला बोलू, किती वर्षांनी हात असा आपोआप चालला! लई आनंद झाला मला.

घरी येऊन तिला रिबिनी बांधल्या, फ्रॉक घातला. कानातली फुलं पुसायची राहून गेली.

मावशींनी चित्र बघितलं आणि हंबरडा फोडला. हीच माझी रेखा! कुठं गावली म्हणून विचारलं. मी म्हणालो, स्वप्नात आली. चुकून तोंडातून गेलं — छे, चुकून कसलं? पेंटरच्या स्वप्नात मेलेली माणसं येतात, असं मला म्हणवून घ्यायचं होतं.

पुढं मावशी आल्यागेल्याला सांगू लागल्या, ती कानातली फुलं तिच्या मामानं अणदूरच्या जत्रेतून आणली होती. मी पुसायला विसरलेली फुलं ती! चित्रातली पोरगी दुपारची बोलते, असंबी म्हणायच्या. काय बोलते? ते कळत न्हाय म्हणाल्या. लई जुनं बोलते.

मागच्या वर्षी रेखाच्या वर्गातली शबाना माहेरी आली, शाळेचा फोटो घेऊन. पाठीमागं सगळ्यांची नावं. दुसऱ्या रांगेत रेखा — हडकुळी, पुढचा दात पडलेला, उन्हानं डोळे बारीक केलेले. मी तेव्हा फ्रेमची फुटलेली काच बदलायला मावशींकडंच होतो. मला एका नजरेत दिसलं — हनुवटी मावशींची होती. डिट्टो. तीन चित्रं काढली मी, आणि समोर बसलेल्या आईची हनुवटी बघितली न्हाय.

मावशींनी फोटो लांब धरला, जवळ धरला. ‘ही कुणाची गं?’

‘मावशी, रेखाच आहे ही. मी शेजारी बसायची तिच्या.’

मावशी घाबरल्या. माझ्याकडं वळल्या. ‘पेंटर, तुमच्या स्वप्नात आलती ना ती? मग तुम्हीच सांगा, माझी कंची?’

सांगता येत होतं मला. फोटो अजून त्यांच्या हातातच होता, अंगठा त्या पोरीच्या तोंडाशी.

मी भिंतीवरच्या चित्राकडं बोट केलं.

शबानानं फोटो घेतला, पर्समध्ये ठेवला. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. मावशींनी मला चहा दिला. मी तो बसून प्यालो. कप घेताना त्या म्हणाल्या, ‘बरं झालं तुम्ही होता. न्हायतर कुणाची तरी पोरगी घरात घेतली असती मी.’

व्हय म्हणालो.