कृष्णात शेडगे यांची पाणीवही

कृष्णात बाळू शेडगे. जन्म १९६१, सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात. मृत्यू ११ फेब्रुवारी २०२४, सानपाडा, नवी मुंबई. तेवीस वर्षे कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार आणि पुढे अठरा वर्षे तुर्भे येथील आमच्या बेचाळीस गाळ्यांच्या इमारतीचे पंपचालक. मागे पत्नी सखू आणि विवाहित कन्या ज्ञानेश्वरी. गाळेधारकांच्या संस्थेचा मानद सचिव या नात्याने त्यांच्याविषयीची सर्व कागदपत्रे माझ्या ताब्यात आहेत. त्यांपैकी एक कागद चुकीचा होता, म्हणून हे लिहिणे आवश्यक झाले.

२००५ साली पोत्याखाली पाठीचा मणका सरकल्यावर शेडगे यांना ओझे वाहणे वर्ज्य झाले. त्यांच्या टोळीचे मुकादम शहाजी लोखंडे त्यांना घेऊन आमच्या कार्यालयात आले आणि म्हणाले, "ह्यो मानूस बसून खाणारा न्हाय. काहीतरी द्या, न्हायतर घरी बसून सखूवैनीचं डोकं खाईल." आम्ही त्यांना पंपाची किल्ली दिली. खाली तळटाकी, गच्चीवर टाकी, त्यांच्यामध्ये दोन पंप आणि प्रवेशद्वाराजवळ रस्त्याच्या बाजूस हमालांसाठी एक पिण्याच्या पाण्याची तोटी, एवढा त्यांचा कारभार होता. सगळे त्यांना नाना म्हणत.

नानांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु अक्षर सुबक होते. नवा मीटर बसल्यापासून रोज सकाळी सात वाजता ते त्याचा आकडा निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहीत. तारीख, आकडा, कालच्यापेक्षा किती जास्त, आणि सही. ही वही त्यांना कोणी ठेवायला सांगितली नव्हती. मी कार्यालयीन जीवनात पुष्कळ नोंदवह्या पाहिल्या. खाडाखोड नसलेली तेवढी एकच.

जुना मीटर वर्षानुवर्षे अडकलेला होता आणि बिल सरासरीने येई. २०१८च्या जुलैत नवा मीटर बसला. त्यासोबत आमच्या जोडणीसाठी मंजूर पाण्याचे पत्र आले : तिमाहीस चारशे युनिट, एक युनिट म्हणजे हजार लिटर. वाणिज्यिक जोडणीचा दर घरगुती दरापेक्षा चढा असतो, शिवाय तो टप्प्याटप्प्याने वाढतो. आमच्या बाबतीत पहिला टप्पा तीनशे युनिटांचा होता; त्यापुढील प्रत्येक युनिटाला वरचा दर लागू होई. मंजूर पाणी किती आणि कमी दराचे पाणी किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. ते दोन वेगळ्या कागदांवर आले. पहिला कागद मी नानांना पंपघरात ठेवण्यास दिला, दुसरा माझ्या फाईलीत लावला. त्यांतील फरक त्यांना समजावून सांगण्याचे मला सुचले नाही.

त्यानंतरची तीन बिले लागोपाठ वरच्या टप्प्यात गेली. प्रत्येक वेळी वापर जवळजवळ नेमका चारशे. एप्रिल २०१९मध्ये तिसरे बिल आले तेव्हा संस्थेच्या खजिनदार हेतलबेन यांनी तातडीची सभा बोलावली. त्यांचा सुक्यामेव्याचा गाळा आहे. हिशेब तोंडपाठ आणि बोलणे रोखठोक.

"काका, माझ्या गाळ्यात दिवसाला दोन बादल्या लागतात," त्या मला म्हणाल्या. "बाकी सगळे गाळे गोडाऊन. मग चारशे युनिट जातात कुठे? त्या तोटीतच ना? अख्खा बाजार येऊन अंघोळ करतो तिथे."

मुकादम शहाजी दाराशी उभे होते. ते म्हणाले, "हेतलताई, तुमचे बदाम भिजत घालायला पानी चालतं. आमचा घसा भिजला की मात्र बिल वाढतं व्हय?"

"बदाम मी विकते, भिजवत नाही," हेतलबेन उत्तरल्या. "आणि टेन्शन पाण्याचं नाही मुकादम, टप्प्याचं आहे."

सभेने दोन ठराव केले. पहिला, तोटी पंधरा दिवस बंद ठेवून परिणाम पाहावा. वापर घटल्यास ती कायमची काढावी. दुसरा, तोटीवर पाण्याची नासाडी होऊ दिल्याबद्दल पंपचालकास लेखी ताकीद द्यावी. ताकीद माझ्या अक्षरातील आहे. नानांनी ती वाचली, सही केली आणि दुपारी स्वतःच्या हाताने तोटी काढून नळाला बूच मारले.

एप्रिलच्या उन्हात ट्रकमधून पोती उतरवणारी माणसे सवयीने त्या भिंतीशी येत, बूच पाहत आणि परत जात. कोणी नानांना शिव्या दिल्या नाहीत. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला असावा, कारण त्या दिवसांत ते पंपघराच्या मागच्या बाजूने ये-जा करू लागले.

आठव्या दिवशी हेतलबेन मीटर पाहून आल्या. रोजचा वापर तीन युनिटांवर उतरला होता; मार्चअखेर तो नऊच्या घरात होता. "बघा काका," त्या म्हणाल्या, "आता पंधरा दिवस कशाला थांबायचं? काढून टाका ती तोटी." मलाही तसेच वाटले. तोटी कायमची काढण्याच्या आदेशाचा मसुदा करताना आकडे अचूक असावेत, म्हणून मी वही मागवून घेतली.

वहीने मात्र वेगळेच सांगितले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तोटी पूर्ण वेळ चालू असूनही रोजचा वापर सव्वातीन युनिटांहून अधिक नव्हता. म्हणजे अख्ख्या बाजाराची तहान दिवसाला पाव युनिटात भागत होती. तिमाहीचे पहिले सत्तर दिवस असेच. शेवटचे वीस दिवस मात्र वापर एकदम साडेआठ-नऊवर चढे. ऑक्टोबर ते डिसेंबर हाच क्रम. त्याआधीच्या तिमाहीतही हाच.

मी नानांना बोलावले.

"नाना, तिमाही संपत आली की मीटर असा का पळतो?"

"पळत न्हाय साहेब. मी पळवतो."

ते पंपघरात गेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले मंजुरीचे पत्र घेऊन आले. चारशे या आकड्याखाली त्यांनी पट्टीने रेघ मारली होती.

"चारशे आपल्या हक्काचं न्हवं? सत्तर दिस झालं की किती उरलं ते बघतो, वीस दिसांत वाटून घेतो आन् संपवतो. अंगन धुतो, कडुनिंबास्नी सोडतो."

"पण कशासाठी? गरज नसताना?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. "पान्याची पाळी सोडली की गेली, साहेब. आमचं रान कालव्याच्या शेपटाला. एका साली वरनं पाऊस झाला म्हनून आमच्या बापानं पाळीचं पानी न्हाय घेतलं. फुडच्या पाळीला पाटकरी म्हनाला, तुमास्नी लागत न्हाय, निम्मा वेळ कापला. परत कदी मिळालाच न्हाय. हितंबी आपन चारशे न्हाय उचललं, तर फुडल्या साली तीनशे करतील. आन् कापाकापी झाली की पैली तोटी कुनाची जानार? गाळ्यांची? आपल्या पोरांची जानार."

आमच्या इमारतीचे अंगण दर तीन महिन्यांनी वीस दिवस आरशासारखे चकचकीत असे. त्याबद्दल मी वार्षिक अहवालात पंपचालकाचे दोन ओळींत कौतुक केले होते. ते पाणी कोठून येते, हे एकदाही विचारले नव्हते.

मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे मांडले. मंजूर पाणी ही वरची मर्यादा आहे, ते संपवण्याचे बंधन नाही. न घेतल्याने आमची मंजुरी कमी होणार नव्हती. उलट तीनशेच्या पुढे घेतलेला प्रत्येक थेंब महाग पडत होता. त्यांनी तीनशेच्या आकड्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

"म्हंजी तोटी मीच बंद केली," ते म्हणाले.

त्यांना वही कशी ठेवावी हे ठाऊक होते. वहीतल्या आकड्याला काय दर पडतो, हे सांगणे माझे काम होते. हे वाक्य मी त्या वेळी उच्चारायला हवे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी बूच काढले. शहाजी मुकादमांनी पहिला पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "घ्या नाना, हक्काचं हाय." नाना हसले नाहीत, पण प्याले. हेतलबेननी दुसऱ्या दिवशी झाकणासह दोन माठ पाठवले आणि मला फोनवर सांगितले, "काका, सॉरी म्हणायला मला जमत नाही. माठ जमतात." पुढचे बिल दोनशे शहाऐंशी युनिटांचे आले. त्यानंतर नानांच्या हयातीत एकदाही तीनशेची रेषा ओलांडली गेली नाही. अंगण झाडूने झाडले जाऊ लागले.

राहिली ताकीद. ती ज्या नासाडीबद्दल दिली होती, ती तोटीवर कधी झालीच नव्हती. सभेचा ठराव सभेनेच रद्द केला पाहिजे, असा माझा आग्रह होता आणि नियमाने तो बरोबरही होता. २०१९ची वार्षिक सभा आधीच होऊन गेली होती; २०२०ची महामारीमुळे झाली नाही. २०२१ची दूरस्थ झाली, विषय मोजकेच घेतले. २०२२च्या विषयपत्रिकेत तो विषय घालण्याचे माझ्याकडून राहून गेले. त्या वर्षी वही माझ्या टेबलावर ठेवताना नानांनी विचारले, "साहेब, त्यो कागद अजून फाईलीत हाय?" मी म्हणालो, "पुढच्या सभेत नक्की." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा कधीही विचारले नाही. २०२३च्या सभेस मी आजारपणामुळे अनुपस्थित होतो.

त्यांच्या मृत्यूनंतर, १४ एप्रिल २०२४ रोजी विशेष सभेने ताकीद रद्द केली. तोटीला स्वतंत्र पोटमीटर बसवून तिचा खर्च बेचाळीस गाळ्यांनी समान वाटून घ्यावा आणि कोणत्याही कारणाने ती बंद करू नये, असाही ठराव झाला. सूचक हेतलबेन, विरोध कोणाचाही नाही. ठरावाची प्रत घेऊन मी सानपाड्याला सखूबाईंकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवली.

त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "ह्ये त्यांच्या हातात पडाया पायजे हुतं."

मी होय म्हणालो. त्यांनी चहा टाकला.

वहीतील त्यांची शेवटची नोंद ७ फेब्रुवारी २०२४, सकाळी सातची आहे. नवा पंपचालक १६ तारखेला रुजू झाला. मधल्या आठ दिवसांचे आकडे सरासरीने भरावेत, असे त्याने सुचवले होते. ते आठ रकाने मी कोरेच ठेवले आहेत.