चुन्याची खूण

समुद्र दाखवायचा मला आता कंटाळा आला आहे. खरं सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात समुद्र दाखवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. मुकुटबनच्या पुढच्या फाट्यावर हिवाळ्यात दर रविवारी सकाळी दहा-पंधरा माणसं गाड्यांतून उतरतात. डोक्यावर टोप्या, पायात कोरे बूट, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सर, शिंपले सापडतील का?" अरे बाबा, हा समुद्र अब्ज वर्षांपूर्वीचा, शिंपले तेव्हा जन्मालाच आले नव्हते! मासे नव्हते, झाडं नव्हती. उथळ पाणी होतं, ऊन होतं, आणि काठाला शेवाळासारखा एक चिकट थर होता. त्यावर गाळ बसायचा, गाळावर पुन्हा थर चढायचा. कोट्यवधी वर्षांनी त्याचाच हा चुनखडीचा दगड झाला. एवढं सांगून त्यांना नाल्याच्या काठाकाठानं फिरवायचं, दगडात उमटलेल्या लाटांच्या सुरकुत्या दाखवायच्या आणि कुणाचा पाय मुरगळू न देता परत आणायचं.

मी मूळचा बोरी अरबचा. आमच्याकडे सगळा काळा दगड. भूगोलाचा मास्तर म्हणून इकडच्या शाळेवर बदली झाली तेव्हा हा राखाडी, थराथरांचा दगड पाहून मी येडाच झालो होतो. रिटायर झाल्यावर हौस म्हणून लोकांना फिरवायला लागलो. हौस केव्हाच फिटली. गुडघे गेले. डॉक्टर म्हणतो उतार टाळा. आता नाल्यात उताराशिवाय असतं तरी काय?

तरी थांबलो नाही ते एका खडकापायी. बंजाऱ्यांच्या तांड्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून तो होता, बैलगाडीएवढा, पसरट. त्याच्यावर गोलात गोल कडी होती, आडव्या कापलेल्या कांद्यासारखी. तो चिकट थर जसा वाढत गेला तसाच्या तसा दगडात राहिला होता. तिथं मी म्हणायचो, "हा समुद्राचा काठ. ठेवा हात." बडबडी माणसंसुद्धा गप्प व्हायची. मलाही तिथं बरं वाटायचं, इतक्या वर्षांनीही. पण आमच्याकडे सपाट दगड दिसला की माणूस तो घराच्या पायव्यात घालतो. माझ्यामागे याचं काय होईल, याचा घोर लागला होता. याला तारेचं कुंपण पडलं की आपण मोकळे, असं मी ठरवून टाकलं होतं.

सरपंचांकडे खेटे घालून चपला झिजल्या. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, तार मारून देतो, पाटीबी लावून देतो. पन तिथं तं सारे दगडच हायेत. तुमचा कोनता, थे आमाले कसं समजन? खूण करून ठेवा न."

बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्याच दिवशी बादलीत चुना कालवला, कुंचा घेतला आणि खडकाभोवती चांगला ठसठशीत पांढरा गोल काढला. महत्त्वाच्या शब्दाला गोल करायची मास्तराची खोड, दुसरं काय!

तांड्याच्या तोंडाशी एका म्हातारीचं घर आहे. तांड्यातले सगळे तिला याडी म्हणतात, म्हणजे आई. मीही याडीच म्हणतो. दर रविवारी माझ्या माणसांना ती माठातलं पाणी द्यायची. मला वाकलेला पाहून ती आली आणि म्हणाली, "काय करून राह्यले, गुरुजी?"

"पंचायतीचं काम हाय, याडी," मी म्हणालो. एवढंच. मला दम लागला होता, कंबर धरली होती. सविस्तर सांगायचा कंटाळा केला.

त्यानंतर गुडघा इतका सुजला की दोन रविवार घरीच पडून काढले. तिसऱ्या रविवारी नवी मंडळी घेऊन गेलो, तर वाट ओळखू येईना. रुंद, लाल मुरूम टाकून दाबलेली. मी खडक शोधत पुढं गेलो, मागं आलो, पुन्हा पुढं गेलो. खडकाच्या जागी नुसतं सपाट. बाजूच्या ढिगात हाताएवढे तुकडे होते, एकावर अर्धं कडं.

रस्त्याच्या कामात जे काढायचं त्याच्यावर चुना पडतो. झाड असो, ओटा असो, कुडाची भिंत असो. तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मला सुचलं नाही! जगाला चुना लावणारे पुष्कळ पाहिले, स्वतःला लावणारा मीच.

तेवढ्यात याडी आली. खुशीत होती.

"पाह्यलं का, गुरुजी? जेसीबीवाला इचारत होता, हा एवढा मोठा दगड काढू का राहू देऊ. मी म्हनलं, काढ न बेटा, गुरुजीनं सोता खूण करून ठेवली, पंचायतीचं काम हाय. थो तं बाजूनं वाट नेतो म्हने. मीच म्हनलं, नाही, गुरुजीचे गुडघे दुखतेत, त्याईले सरळ वाट पायजे. आता गाडी इथवर येते तुमची."

रागवायचं होतं, पण कुणावर? नागपूरच्या, अमरावतीच्या, कुठकुठच्या परक्या माणसांना मी वर्षानुवर्षं तो समुद्र सांगत आलो. जिच्या दारात तो होता, तिला एकदाही सांगितला नाही. ती दर रविवारी तांब्या घेऊन बाजूला उभी असायची आणि मी तिच्याकडे पाठ करून बोलायचो. सांगितलं असतं तर ती जेसीबीपुढं आडवी पडली असती, इतकी ती माझी होती. रडूच आलं मला, टोपी पुढं ओढून घेतली.

मंडळी मागून येत होती. कुणीतरी विचारलं, "सर, तो काठ अजून किती लांब आहे?"

याडी माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काहून, गुरुजी? बराबर केलं न मी?"

"हो, याडी," मी म्हणालो. "बराबर केलं."