चाळिसावं डोकं

"एक सिर कम है. वो जो कूपन बाँट रही है, उसे बिठा लो."

अध्यक्ष माइकवरूनच बोलले. माइक बंद करायचं भान त्यांना कधीच नसतं. सभागृहात तत्त्वज्ञानाचे एकोणचाळीस प्राध्यापक बसले होते. सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात मी उभी. हातात जेवणाच्या कूपनांचा गठ्ठा, गळ्यात 'आयोजन समिती'ची पट्टी.

माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सहा वर्षं मी त्यांच्या परिषदेचं काम करत होते. त्यांच्या लेखांच्या तळटिपा मी नीट लावल्या. दर अधिवेशनाला विमानतळावर त्यांना आणायला मी जायचे. त्यांना गुडघ्याचा त्रास म्हणून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात तळमजल्याची खोली मिळावी, यासाठी दोन दिवस खेटे मीच घातले होते. पण त्या दुपारी त्यांना डोकं हवं होतं. नाव कशाला लागतंय?

त्याच सकाळी त्यांचं अध्यक्षीय भाषण झालं होतं. विषय, मानवी प्रतिष्ठा. पन्नास मिनिटं बोलले. एका ठिकाणी त्यांचा गळा दाटून आला, पुढच्या रांगेतल्या दोघांनी डोळे पुसले. ते भाषण मी टाइप केलं होतं. गळा दाटला त्या ओळीपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं 'इथे थांबणे' असं लिहून दिलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं, आणि वर टाळ्या.

आमच्या परिषदेचं अधिवेशन तीन दिवस चालतं. निबंध, चर्चा, शाली, स्मृतिचिन्हं. शेवटच्या दुपारी वार्षिक सर्वसाधारण सभा. मागचं इतिवृत्त, अहवाल, निवडणूक, चहा. या सभेला कुणी थांबत नाही. कुणाची गाडी असते, कुणाची खरेदी. निवडणुकीला चाळीस सभासद हजर लागतात, म्हणून सकाळी नाश्त्यालाच हजेरीची वही फिरवायची पद्धत होती. भटुऱ्याच्या तेलकट बोटांनी विद्वान सही करायचे, आणि दुपारी रिकाम्या खुर्च्यांपुढे कोरम पूर्ण व्हायचा. या वर्षी निवडणूक अधिकारी म्हणून एक निवृत्त प्राध्यापक नेमले होते. म्हातारा हट्टी. वही नको म्हणाला, डोकी मोजणार. म्हणून माझी आठवण झाली.

सचिव मॅडम धावत दाराशी आल्या. मॅडम मराठी. वडील केंद्र सरकारात मोठे अधिकारी, सगळं शिक्षण दिल्लीत. चारचौघांत माझ्याशी हिंदी बोलायच्या. काम काढून घ्यायचं असलं की मराठी.

"अगं चलो ना यार, फक्त बसायचंय. दहा मिनिटं. मध्ये बोलू नकोस बिल्कुल."

"मी आजीव सभासद आहे मॅडम. मला बसायचंच होतं. कूपनं वाटायला तुम्हीच उभं केलंत."

"अच्छा अच्छा, ते नंतर. आत्ता बस."

बसले. म्हाताऱ्यानं पेन्सिलीनं हवेत टोचत मोजलं. माझ्यावर पेन्सिल थांबली. "चालीस. कोरम पूरा."

मला त्या सभेत बसायचं होतं, कारण सहसचिव पदासाठी मी अर्ज भरला होता. सहा वर्षं सहसचिवाचं काम माझं आणि नाव दुसऱ्याचं. ते नाव दर वेळी अध्यक्षांच्याच कुठल्यातरी शिष्याचं. मी एका कॉलेजात अतिथी अध्यापक. दर जुलैत नव्यानं नेमणूक, दर एप्रिलमध्ये रामराम. दिल्लीतच मुनिरकात एका खोलीत राहते. पद मिळालं असतं तर परिषदेच्या पत्रांवर माझं नाव आलं असतं, निबंध निवडायला मी बसले असते. आमच्यासारख्यांचे निबंध न वाचताच बाजूला कसे पडतात, ते मी रोज बघत होते. मला ते थांबवायचं होतं.

निवडणूक सुरू झाली. अध्यक्ष तेच. सचिव त्याच. सहसचिवासाठी दोन अर्ज. म्हाताऱ्यानं दोन्ही नावं वाचली. पहिलं अध्यक्षांच्या शिष्याचं, दुसरं माझं. माझं नाव त्या सभागृहात मोठ्यानं उच्चारलं गेलं, एवढ्यानंही मी खुर्चीत सावरून बसले. तेवढ्यात अध्यक्षांनी माइक ओढला.

"इन्होंने अपना नाम वापस ले लिया है. घर की बच्ची है, इसका क्या चुनाव! सर्वसम्मति से कर लीजिए."

टाळ्या. मी सदतीस वर्षांची होते. घरची बच्ची! कामापुरता मामा ऐकला होता, इथे कामापुरती लेक होती.

शेजारी बसलेल्या मॅडमच्या मांडीवर सभेचं इतिवृत्त होतं. छापील. आदल्या दिवशीच तयार. दर वर्षी ते टाइप करायला माझ्याकडे यायचं, या वर्षी आलं नव्हतं. माझ्या खुर्चीवरून स्पष्ट दिसत होतं, सहसचिव, 'सर्वानुमते'. सभा व्हायच्या आधी सभा झाली होती.

मी हात वर केला. "मैंने नाम वापस नहीं लिया."

"बेटा, अभी बैठो. तुम व्यवस्था में हो. बाद में बात करेंगे."

म्हाताऱ्यानं विचारलं, माघारीचं पत्र आहे का. अध्यक्ष म्हणाले, तोंडी सांगितलंय. म्हाताऱ्यानं मान डोलावली. डोकी मोजताना कर्दनकाळ, आणि माणूस समोर उभं राहून नाही म्हणतंय तर याला ऐकू येईना. पुढच्या रांगेतून एक आवाज आला, हळू, पण मला ऐकू जाईल इतका.

"अब इनको यहाँ भी कोटा चाहिए."

हसले. तीन-चार जण. बाकीच्यांनी कागद चाळले. कागद चाळणाऱ्यांची मला जास्त किळस आली.

मी बसले. हो, बसले. लपवत नाही. आणि बसल्यावर मला आई आठवली.

आमच्या गावात ग्रामसभा वस्तीत यायची. म्हणजे वही यायची. सभा वर चावडीत होऊन जायची, माणसं कमी पडायची, मग दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन आमच्याकडे. आई भाकरी थापत असायची. पिठाचा हात पुसायची आणि अंगठा द्यायची. एकदा तिनं विचारलं, "कशाचं हाय?"

"सभेचं."

"बोलावलं न्हाई कुणी."

"आता झाली की सभा. लाव."

तिनं लावला. मी सातवीत होते. वही वाचली. पाण्याची नवी टाकी वरच्या आळीत बांधायचं ठरलं होतं, हजर सर्वांच्या संमतीनं. हजर सर्वांत माझी आई होती. पुढची कितीतरी वर्षं ती त्या वरच्या आळीतून डोक्यावर पाणी वाहत होती, आणि तिथे टाकी हवी असं तिच्याच अंगठ्यानं लिहून दिलेलं होतं. मी तिला ते सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली.

आई शाळेत गेली नव्हती. मी पीएचडी होते. अंगठा तोच.

मी पुन्हा उठले. परिषदेची घटना मी पाठ केली नव्हती, पण नोंदणीच्या वेळी तिचे तीन मसुदे मीच टाइप केले होते, बोटांना ती येत होती. कोरम सभागृहात नसेल तर निवडणूक होत नाही. कुणीही सभासद मोजणी मागू शकतो. मोजणी होईपर्यंत ठराव लिहिता येत नाही.

कूपनांचा गठ्ठा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. चालत दाराबाहेर गेले. उंबऱ्यापलीकडे उभी राहिले आणि म्हणाले, "सर, गिनती कर लीजिए."

"आप कहाँ जा रही हैं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मैं बाहर हूँ. गिनती कीजिए."

म्हाताऱ्यानं पेन्सिल काढली. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. "उनतालीस. चुनाव नहीं हो सकता."

मग जी पळापळ झाली, ती बघण्यासारखी होती. देशभरातून आलेली ती थोर डोकी एका डोक्यासाठी गलितगात्र झाली. कुणी मांडववाल्याला बोलवा म्हणालं. तो सभासद नाही. कुणी म्हणालं, सकाळी गेलेल्यांना फोन लावा. शेवटी अध्यक्षांनी शिष्यालाच फोन लावला, ज्याला निवडून आणत होते त्यालाच. तो करोल बागेत होता. बायकोसाठी साडी बघत होता. निवडून येणार हे त्याला माहीत होतं, मग सभेला कशाला बसेल? मेट्रोनं निघतो म्हणाला. म्हाताऱ्यानं घड्याळ पाहिलं आणि सभा तहकूब केली.

मॅडम व्हरांड्यात आल्या. रागानं लाल. पण मराठीतच.

"तुला कळतंय का काय केलंस? पुढच्या आठवड्यात तुझा पर्मनंट पोस्टचा इंटरव्ह्यू आहे ना? सर एक्स्पर्ट आहेत त्यात. एक काम कर, दोन ओळी लिहून दे. तब्येत बिघडली म्हणून बाहेर गेले. बस. मी सांभाळते."

"तब्येत ठीक आहे."

"यार, समजून घे ना. मी तुझ्या भल्याचं सांगतेय."

"इतिवृत्तात लिहा, की माझं नाव मला न विचारता मागे घेतलं म्हणून मी उठून गेले. ते लिहिलंत की सही करते."

त्यांनी ते लिहिलं नाही. मी लिहिलं. जे जे बोललं गेलं ते शब्दशः, 'कोटा'सकट, आणि सगळ्या सभासदांना पाठवलं. चौघांनी उत्तर दिलं. तिघांनी लिहिलं होतं, हे कुणाला सांगू नका, पण तुम्ही बरोबर आहात. अशांच्या खांद्यावर डोकं असतं, मान नसते.

इंटरव्ह्यूला गेले. अध्यक्ष समोर होते. एकच प्रश्न विचारला, "अब भी वही समाज-वमाज पर काम कर रही हैं?" आणि उत्तर चालू असताना खिडकीबाहेर पाहत राहिले. नोकरी मिळाली नाही. वाईट वाटलं. दोन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. खोटं कशाला बोलू?

तहकूब सभेची नोटीस आता आली आहे. माझा अर्ज कायम आहे. माझ्या सहीच्या पत्राशिवाय माझी माघार धरू नये, असं निवडणूक अधिकाऱ्याला लेखी दिलंय आणि पोचपावती घेतली आहे. मॅडमचा फोन आला होता. "किती ताणशील गं? निवडून तर येणार नाहीस."

नाही येणार. मला माहीत आहे. या वेळी ते साठ जण गोळा करतील, शिष्यालाही साडीच्या दुकानातून ओढून आणतील. करा म्हणावं. पण आता मतदान होईल. मला नको म्हणायला त्यांना हात वर करावा लागेल, दिवसाउजेडी, एकेकाला. मी पहिल्या रांगेत त्यांच्याकडे तोंड करून बसणार आहे, आणि कुणाकुणाचा हात वर जातो ते नावानिशी लिहून घेणार आहे.