वहिनींचा क्लच

माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळा काचबाजार वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणते. त्या पिकअप चालवतात आणि तिच्यातून काचा पोचवतात. गाडीच्या मागे तिरकी लाकडी चौकट बसवलेली आहे, तिला टेकवून काचा उभ्या बांधायच्या. मूळ धंदा माझ्या मोठ्या दिरांचा. ते गेले तेव्हा सगळे धरून चालले की गाडी विकली जाणार. वहिनींनी रडून घेतलं, तोंड धुतलं आणि गाडीच्या चाकांत हवा भरून आणली. तेव्हापासून त्याच चालवतात.

काचेच्या गाडीला वेग नको, पाय हलका हवा. क्लच धसकन सुटला की गाडी हिसका देते, आणि मागे काचेचा आवाज होतो. तो आवाज वहिनींच्या गाडीत कधी झाला नाही. दुकानदार म्हणायचे, काच वहिनींच्या गाडीत चढली की आम्ही चहा प्यायला मोकळे.

तर या गाडीचं इंजिन यंदा गेलं. आमच्या घरातले मेस्त्री, म्हणजे माझा नवरा, त्यांनी ते उघडून पाहिलं आणि माणूस गेल्यावर डॉक्टर मान हलवतात तशी मान हलवली. ब्लॉकलाच, म्हणजे इंजिनाच्या सांगाड्यालाच, तडा होता. वहिनींचा लेक दुसऱ्या शहरात नोकरीला असतो. तो फोनवर म्हणाला, “आई, बास झालं आता. गाडी भंगारात दे आणि माझ्याकडे आराम करायला ये.”

“आराम म्हणजे काय रे? तुझ्या कुंड्यांना पाणी घालू?” वहिनी म्हणाल्या. पण मुलाचाही जीव तुटत होता, ते त्यांना दिसत होतं. शेवटी त्यांनी कबूल केलं: मेस्त्रींना एकदा प्रयत्न करू दे. गाडी पहिल्यासारखी काच वाहू लागली तर ठीक, नाहीतर गाडी विकून त्या त्याच्याकडे जातील. वहिनी शब्दाच्या पक्क्या. त्या गेल्या तर मी भांडायचं कुणाशी?

मेस्त्रींनी एका सामानाच्या व्हॅनचं इंजिन शोधून आणलं. व्हॅन मागून ठोकली गेली होती, पुढचा भाग धडधाकट होता. इंजिन बरंच नवं, आणि आमची गाडी त्याच्या आजीच्या वयाची. इंजिन बसवायला गेले तर त्याचं खालचं तेलाचं भांडं गाडीच्या आडव्या दांडीला अडलं. ते वर उचलून घेतलं तर बॉनेट लागेना. बॉनेटला ठोकून टेंगूळ काढलं. इंजिन धरणाऱ्या जुन्या पट्ट्या कापून नव्या वेल्ड केल्या. गिअरबॉक्स आणि क्लचही व्हॅनचेच घेतले, कारण जुने या इंजिनाला जुळत नव्हते. वायरींचा गुंता माझ्या जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. मी म्हटलं, “अहो, हे लग्न जुळवणं आहे की दुरुस्ती?” तर म्हणाले, “लग्न सोपं असतं. तिथे एकालाच वाकावं लागतं.” कोण वाकलं हे सांगायची माझी तयारी होती, पण त्यांच्या हातात पाना होता.

आणि एके सकाळी इंजिन सुरू झालं. काय गोड आवाज! मेस्त्रींनी स्वतः गल्लीतून फेरी मारली, हसत परत आले आणि किल्ली वहिनींच्या हातात दिली.

वहिनी बसल्या. गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा पुढे गेली, पण अशी की मागची रिकामी चौकटसुद्धा खडखडली. वहिनी उतरल्या. घामाघूम झाल्या होत्या. म्हणाल्या, “भावजी, तुमच्या इंजिनात काहीतरी आहे.”

मेस्त्री हबकले. त्यांनी डिझेलचा पाइप पाहिला, फिल्टर बदलला, टेबलावर सरळ केलेल्या वायरी पुन्हा सोडवल्या. स्वतः चालवली की गाडी लोण्यासारखी जायची. वहिनी बसल्या की उडी. तरी मेस्त्री इंजिनच उघडत राहिले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

मला कारण दिसत होतं. त्यांनाही दिसलं असणार. वहिनींचा डावा पाय लहानपणच्या तापात बारीक झालेला आहे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई त्यावरून काहीतरी टोचून बोलल्या, आणि मोठ्या दिरांनी सगळ्यांसमोर बजावलं की या घरात पायाचा विषय निघणार नाही. प्रेमाने सांगितलं होतं, म्हणून सगळ्यांनी पाळलं. इतकं पाळलं की तो पाय घरात कुणाला दिसेनासाच झाला. जुना क्लच झिजून असा मऊ झाला होता की मांजरानेही दाबला असता, त्यामुळे कधी अडलंही नाही. नवा क्लच कडक होता. मेस्त्रींनी गाडीतली प्रत्येक वस्तू मापली होती, हा पाय सोडून. आणि मी, जिचं तोंड कधी मिटत नाही असं सगळे म्हणतात, मीही मूग गिळून बसले होते.

लेक रजा काढून आला. गाडी घ्यायला माणूस येणार होता, त्याच सकाळी मेस्त्रींनी पाने ठेवून दिले. खाली बसले आणि म्हणाले, “वहिनी, मला नाही जमलं. माफ करा. दादाची गाडी माझ्या हातून गेली.” त्यांचा आवाज असा मी लग्नापासून ऐकला नव्हता.

वहिनी पुढे झाल्या. मग म्हणाल्या, “उठा भावजी. इंजिनात काही नाही. माझा पाय पुरत नाही.”

लेकाने मान खाली घातली. मेस्त्री हळूच म्हणाले, “मग आधी सांगायचं नाही का?”

“तुम्ही तरी कुठे विचारलंत?” वहिनी म्हणाल्या. “इतकी वर्षं कुणी विचारलंय का, की बाई, तुझा पाय कसा आहे?” आणि त्या हसायला लागल्या, अशा की मलाही हसू आवरेना, आणि रडूही.

त्यानंतर सगळं सोपं झालं. मेस्त्रींनी त्यांना सीटवर बसवलं आणि पायात किती जोर आहे, गुडघा कुठवर वाकतो, सरळ विचारलं. वहिनींनी सरळ सांगितलं. त्यांनी पेडलची दांडी वेल्ड करून लांबवली, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. क्लचला जोर पोचवणारा लहान सिलिंडर बसवला. पेडल जास्त खोल जायला लागलं, म्हणून सीट पुढे सरकवली. दुपार कलायच्या आत काम झालं. गाडी घ्यायला आलेल्या माणसाला मी चहा देऊन वाटेला लावलं.

वहिनींनी दुकानदाराकडून मोठी काच मागवून चौकटीला बांधून घेतली. लेक शेजारी बसला, मी आणि मेस्त्री मागे काचेजवळ उभे राहिलो. मी चौकट घट्ट धरली. गाडी निघाली ते मला कळलंच नाही. शेजारची भिंत मागे सरकायला लागली तेव्हा कळलं. चढावर थांबली, पुन्हा निघाली. काचेने हूं की चूं केलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मेस्त्री दुसरीकडे बघत होते, आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

काच पोचवून घरी आलो. लेक म्हणाला, “आई, माझ्या कुंड्यांना पाणी मीच घालीन.” एवढंच. वहिनी खुर्चीत बसल्या, स्टूल ओढलं आणि सगळ्यांच्या देखत डावा पाय त्यावर लांब करून ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं, जरा पाय दाबतेस का? फार वर्षं दुखतोय.”