होडीत कोण होतं?

दामू वालावलकर गेल्याचं मला आमच्या इमारतीच्या जिन्यात कळलं. दामू आणि मी एकाच सरकारी हिशेब कचेरीत नोकरीला, आणि मुलुंडला एकाच मजल्यावर भिंतीला भिंत लागून राहणारे. त्याने आठ दिवसांची रजा मागितली होती. बोरिवलीला मुलीकडे जाऊन नातवाजवळ राहायचा त्याचा बेत होता. त्या दिवशी बरं वाटत नाही म्हणून तो घरीच थांबला होता, आणि रजा मंजूर झाल्याचं त्याला सांगायला मी नेहमीपेक्षा जरा घाईने जिना चढत होतो. मधल्या वळणावर खालच्या मजल्यावरच्या पाटणकरवहिनी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सावकाश चढा... आता घाई नाही. दामूभाऊजी दुपारीच गेले." डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, इतकंच त्यांनी सांगितलं होतं. मी वर गेलो. हातात रजेचा मंजूर झालेला अर्ज तसाच होता, तो खिशात घातला आणि बोरिवलीला निरोप कोणी न्यायचा ते ठरवायला लागलो.

याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याला थोडं मोठं करून लिहिण्याची पद्धत आहे. दामूला ते चाललं नसतं. दुसऱ्याने केलेली बेरीज तो डोळे झाकून कधी मान्य करत नसे, आणि स्वतःविषयीची तर मुळीच केली नसती. तेव्हा आधीच सांगतो, की तो हट्टी होता, नळावरून भांडत असे, कॅरममध्ये हरला की सोंगट्यांना दोष देत असे, आणि एकदा अबोला धरला की महिनाभर सोडत नसे. मला तो "मेल्या" म्हणायचा. कचेरीत, साहेबांसमोरसुद्धा.

त्याची बायको राधा विषमज्वराने गेली तेव्हा शकू, त्यांची एकुलती मुलगी, दहा महिन्यांची होती. सगळ्यांनी त्याला सांगितलं, मुलीला गावी तुझ्या आईकडे पाठव, नाहीतर दुसरं लग्न कर. त्याने दोन्ही केलं नाही. दिवसा त्याची एक विधवा मावशी मुलीला सांभाळी, आणि दिवेलागणीनंतर मूल दामूच्या ताब्यात येई. पाळणा हलवायला लागला की काहीतरी म्हणणं भाग होतं. राधा मालवणकडची. ती मुलीला एक अंगाई म्हणत असे, तिच्याच गावाकडची. दामूने ती रोज ऐकली होती, पण वर्तमानपत्र वाचता वाचता. आता म्हणायची वेळ आली तेव्हा त्याला दोनच ओळी आठवल्या:

खाडीपल्याड दिवा लागला,
नीज गो बाये, होडी आली...

होडीत कोण होतं, ते तिसऱ्या ओळीत होतं. ती ओळ काही त्याला आठवेना. दोन ओळींत मूल झोपत नाही, हे ज्यांनी मूल झोपवलं आहे त्यांना सांगायला नको. मग त्याने त्याच चालीवर पाढे म्हणायला सुरुवात केली. बे एके बेपासून निघायचा तो थेट तिसापर्यंत, आणि तरीही पाळण्यातले डोळे उघडेच असले तर पावकी, निमकी, दीडकी, औटकी. आमची भिंत पातळ होती. साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, आमच्या पिढीतल्याही फार थोड्यांना पाठ असेल. मला ती शाळेत कधी नीट आली नाही. आली ती भिंतीतून. आमची बायको म्हणायची, "दामूभाऊजींची शकू शाळेत जायच्या आधीच पहिली येणार." शकूला गणित बेताचंच आलं, हेही नमूद करतो.

शकूचं लग्न होऊन ती बोरिवलीला गेली, आणि सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी मुलुंडला आली. एकदा मी तिथेच बसलो असताना वाटाणे सोलता सोलता तिने सहज विचारलं, "अण्णा, आई मला काय म्हणायची हो झोपवताना? तेच म्हणीन म्हणते मी." दामूने दोन ओळी म्हणून दाखवल्या. "आणि पुढे?" दामू उठून आत गेला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. मूल येईपर्यंत त्याला पूर्ण पाळणा हवा होता. राधाचे आईवडील हयात नव्हते. गावी चौकशी केली, मालवणकडचा कोणी परळला राहतो म्हणून कळलं की तिथे जाऊन आला. म्हाताऱ्या बायका त्याला भलतेच पाळणे म्हणून दाखवत आणि चहा पाजून परत पाठवत.

आमच्या वस्तीत रामनवमीचा उत्सव होई, आणि संध्याकाळी कोणा एका गवयाची बैठक. दामू आणि मी उत्सवाच्या समितीत होतो. त्या वर्षी दामूने सभेत सांगितलं, की एका गवयाऐवजी निरनिराळ्या तऱ्हेचे गाणारे-वाजवणारे बोलवू, आणि सगळे मिळून फक्त अंगाया करू दे. रामाचा पाळणा दुपारी होतोच, संध्याकाळी माणसांचे होऊ देत. अध्यक्ष म्हणाले, "दामोदरपंत, लोक येणार कशाला? झोपायला?" सगळे हसले. दामूही हसला, पण ठराव त्याने मागे घेतला नाही. मला बाहेर येऊन म्हणाला, "सदा, आपल्याकडे निम्मी माणसं कोकणातली. सगळ्यांसमोर त्या दोन ओळी म्हटल्या, तर कुणालातरी तिसरी येईल का नाही? सांग मेल्या, येईल का नाही?" संभव किती ते मला सांगता आलं नाही. मी होकार दिला.

पार्ल्याहून गोरेबुवा आले, ते ख्याल गाणारे. घाटकोपरच्या जसुबेन गरब्यात गात, त्यांच्याकडे हालरडी, म्हणजे गुजराती अंगाया, होत्या. मरोळचा पास्कल फिल्मच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा, आणि भांडुपचे एक शाहीर डफासकट आले. तालीम दामूच्या खोलीत झाली. पहिल्या दिवशी शाहिरांनी अशी काही तान मारली की खालून पाटणकर वर आले. दामू म्हणाला, "शाहीर, मूल निजवायचंय हो, गड घ्यायचा नाही." बुवांची अडचण वेगळी होती. त्यांची अंगाई सुरू होऊन मुद्द्यावर येईपर्यंत कुठलंही मूल जेवून, खेळून, शाळेत गेलं असतं. जसुबेन त्यांना म्हणाल्या, "बुवा, पाळणा बघा ना. तो किती लांब जाते? तेवढंच गायचं." बुवा जरा रागावले. दुसऱ्या दिवशी मात्र छोटं गाऊ लागले.

शेवटी सगळ्यांनी मिळून दामूच्या दोन ओळी करायच्या असं ठरलं. पास्कलने चाल उचलली आणि धनुकली खाली ठेवून विचारलं, "गोड हाय. पन पुढं काय? होडीन कोन हाय?"

"ते मला माहीत नाही," दामू म्हणाला.

"मामाच असेल ना, दामूभाई," जसुबेन म्हणाल्या. "हालरडामध्ये मामाच येते, रमकडां, खेळणी घेऊन."

"बाप असणार," बुवा म्हणाले. शाहिरांच्या मते होडीत महाराजांचा हेर होता.

आमच्यातले एक मास्तर कविता करीत, ते पुढची दोन कडवी रात्रीत लिहून द्यायला तयार होते. दामूने हात जोडले. "मास्तर, चांगलीच लिहाल तुम्ही. पण ती शकूच्या आईची कशी होणार?" मग पास्कलने विचारलं, की इतकी वर्षं मुलीला झोपवलंस तरी कसं. मीच सांगितलं, "पाढे म्हणून." पास्कल इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. शाहिरांनी दामूला औटकी म्हणायला लावली. दामूने म्हटली, मान खाली घालून. हसणं हळूहळू थांबलं, कारण चाल खरोखरच चांगली होती.

कार्यक्रम शाळेच्या सभागृहात झाला. खुर्च्या भरल्या आणि बायका मुलांना घेऊन पुढे सतरंजीवर बसल्या. गंमत अशी झाली, की जसुबेनची दोन हालरडी आणि बुवांची एक अंगाई होईपर्यंत पुढची बरीच मुलं झोपली, आणि आयांनी टाळ्या वाजवणाऱ्यांना दटावलं. बुवांना आयुष्यभर टाळ्यांची सवय. ते पदराआडून "श्श!" ऐकून गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि उरलेला वेळ ते फार खुशीत होते. शाहीर तर चक्क कुजबुजले. डफावर बोटांची टोकं फक्त.

मग शेवट आला. दामूने पुढे येऊन एवढंच सांगितलं, की ही अंगाई माझी बायको म्हणायची, मला दोनच ओळी येतात, पुढची कुणाला येत असेल तर त्यांनी कृपा करून बसल्या जागेवरून म्हणावी. जसुबेननी दोन ओळी म्हटल्या, बुवांनी म्हटल्या, पास्कलने वाजवल्या, आणि सगळे थांबले. शकू तिसऱ्या रांगेत कडेला बसली होती. दामू तिच्याकडे बघत नव्हता, सतरंजीवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे बघत होता. एकीने तोंड उघडलं, तेव्हा तो दोन पावलं पुढे सरकला. ती म्हणाली, "होडीयेत मामा इलो..." दुसरी लगेच म्हणाली, "नाय गो, तां येगळा. होडीत माशे." तिसरीची होडी बुडालीच होती. पाच-सहा जणींनी पाच-सहा ओळी सांगितल्या. एकीचीही चालीत बसेना, आणि एकीलाही खात्री नव्हती. हळूहळू त्याही गप्प झाल्या. दामू तसाच उभा. मला वाटलं, आता कोणीतरी पडदा ओढावा.

तेवढ्यात शकू उठली. दिवस भरत आलेले, खुर्चीच्या पाठीला धरून उठली. म्हणाली, "अण्णा, पुढे बे एके बे आहे ना!"

सभागृह हसलं. पण ती चेष्टेत बोलली नव्हती. पास्कलने व्हायोलिन उचललं आणि पाढ्याची चाल धरली, जसुबेननी गुजरातीत बेचा घडियो, म्हणजे पाढाच, सुरू केला, आणि गोरेबुवांनी, ज्यांनी आधी या सगळ्याला नाक मुरडलं होतं, त्यांनी औटकीत शिरून साडेसतरावर अशी जागा घेतली की मागच्या रांगेतून दाद आली आणि दोन मुलं जागी झाली. औटकी एकवीसपर्यंत गेली, तिथे बुवांची गाडी अडली. साडेचोवीस त्यांना मी खालून सांगितलं.

लोक खूश होऊन घरी गेले. दामू नाही. त्याने माझ्याशी अबोला धरला, कारण तालमीत पाढ्यांचं मीच फोडलं होतं. या वेळी मात्र पंधराव्याच दिवशी त्याने तोंड उघडलं ते शकूसमोरच. "तिच्या आईचं राहिलं बाजूला, आणि माझी औटकी गाजली. लोकांना हसायला झालं."

शकू म्हणाली, "मग मी काय करू अण्णा? आईचं मला आठवत नाही. खोटं खोटं आठवू?"

"तसं नव्हे गो..."

"तुम्ही म्हणायचात तेच माझ्या कानात आहे. तिचं असतं तर तिचं असतं. नाहीये."

दामू वर्तमानपत्र उघडून बसला, आणि थोड्या वेळाने मला म्हणाला, "कॅरम काढतोस काय रे मेल्या?" त्यानंतर तिसऱ्या ओळीचा विषय त्याने माझ्याजवळ कधी काढला नाही. पुढच्याच महिन्यात मुलगा झाला, त्याचं नाव मनोहर. आठवड्याच्या सुट्टीला दामू बोरिवलीला जायचा आणि दुपारी नातवाला झोपवून परत यायचा. माझी समजूत, विषय संपला.

दामू गेल्यावर शकू दिवसकार्यासाठी मुलुंडला आली. मन्या आता सव्वातीन वर्षांचा आहे. तेराव्यानंतरच्या एका दुपारी तो झोपेना, रडू लागला, आणि शकूला अंगाई म्हणता येईना. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो. शेवटी गेलो, दामूच्या खाटेवर मन्याजवळ बसलो, आणि मला येतात त्या दोन ओळी म्हणून बे एके बे सुरू केलं. माझा आवाज चांगला नाही, पण चाल बरोबर होती. बे दाहे वीस झालं, मी तीन एके तीन म्हटलं, आणि पोरगं उठून बसलं.

"असं नाही. थांब."

"कशाला थांबू?"

"आजोबा थांबतात."

मी थांबलो. तो उशीवर डोकं ठेवून वर आढ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आता म्हण."

दारात उभ्या शकूने सांगितलं, "ते माझ्या वेळेपासूनचं आहे काका. प्रत्येक पाढा संपला की थांबायचे. मी म्हणे, दम घेत असतील."

दम घ्यायला एवढा वेळ लागत नाही. दामू तिथे कशासाठी थांबायचा ते मला कळलं. तीनचा पाढा म्हटला. तीन दाहे तीस झालं आणि थांबलो, आणि पुढची ओळ येते का ते पाहिलं. आली नाही. मग चारचा घेतला.