बाबांनी गाळलेलं वर्ष

दुपारचं जेवण झालं की बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि भाईंदर पश्चिमेवर गोल्फचं मैदान पसरतं. म्हणजे त्यांच्यापुरतं. समोरच्या सोसायटीच्या टाकीपाशी तिसरा होल, भाजीवाल्यांच्या छत्र्यांपलीकडे सातवा, आणि पार मुर्ध्याच्या बाजूला, जिथे पूर्वी मिठागरं होती आणि आता क्रेन उभ्या आहेत, तिथे अठरावा. डोळे अर्धे मिटलेले, बोट हवेत. "तो बघ, लाल टोपीवाला चालला," असं म्हणतात. मी मटार सोलता सोलता "हो, दिसला" म्हणते. खोटं कशाला बोलू, दुपारच्या त्या पेंगुळल्या उन्हात कधीकधी मलाही दिसतो.

बाबा मुर्ध्याचे. घरात मासेमारी, पण ते तरुणपणीच मुंबईतल्या खाडीजवळच्या एका जुन्या क्लबात कॅडी म्हणून लागले. खेळाडूची जड पिशवी खांद्यावर घ्यायची, त्याच्या मागोमाग अठरा होल चालायचं, आणि त्याने विचारलं की इथून कुठली स्टिक घ्यावी ते सांगायचं. त्या क्लबात दर थंडीत व्यावसायिक खेळाडूंची चार दिवसांची स्पर्धा भरते. बाबांचं वर्ष जानेवारीत किंवा पाडव्याला सुरू होत नसे, त्या स्पर्धेला सुरू होई.

तिचा इतिहास आमच्या घरात तोंडी आहे. त्यात सन नाहीत आणि नावंही नाहीत, कारण बाबा माणूस चालीवरून ओळखतात. घारीने बॉल उचलून नेला ते वर्ष. वडाचं झाड पडलं आणि तेराव्या होलचा रस्ताच बदलला ते वर्ष. डावखुऱ्याने पहिल्या दिवशी स्वतःचं हसं करून घेतलं आणि चौथ्या दिवशी चषक नेला ते वर्ष. सुरुवातीला फळ्यावर खडूने आकडे लिहीत, मग पत्र्याच्या पाट्या आल्या, मग मोठा पडदा. चषक मात्र तोच राहिला, एका कानाला पोचा आलेला. इतर मुली राजाराणीच्या गोष्टी ऐकत झोपल्या, मी हे ऐकत झोपले. त्यामुळे माझ्या स्वप्नात आजही राजवाडे येत नाहीत, कापलेलं ओलं गवत येतं आणि त्यावरून सावकाश चालत जाणारी, पाठमोरी माणसं येतात.

वडाचं झाड आणि डावखुरा यांच्या मधलं एक वर्ष मात्र बाबा गाळत. "त्या साली न्हाय झाली," एवढंच म्हणत. का नाही झाली, असं विचारलं की पाणी मागत. मी चिडायचे. मग मोठी झाले, विमा कंपनीत लागले, लग्न करून भाईंदरला आले, आणि विचारायचं विसरूनही गेले.

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. गेल्या दिवाळीपासून त्यांची आठवण विरत चाललीय. सकाळची गोळी घेतली की नाही ते सांगता येत नाही, मला आईच्या नावाने हाक मारतात. होल मात्र अठराच्या अठरा जागेवर आहेत. तेही एक दिवस जातील, ही भीती मला रोज वाटते आणि मी ती रोज कुणावर तरी चिडून घालवते.

यंदा थंडीच्या तोंडावर क्लबातून एका बाईंचा फोन आला. स्पर्धेच्या इतिहासाची स्मरणिका निघणार होती, त्यांना जुन्या कॅडींच्या आठवणी हव्या होत्या. मी आठ दिवस बाबांच्या खुर्चीशेजारी वही घेऊन बसले, सगळं उतरवलं, पाठवलं. बाईंचा परत फोन. म्हणाल्या, "झाड पडलं त्याच्या पुढचं वर्ष राहिलंय."

"त्या वर्षी स्पर्धा झाली नाही," मी ठामपणे सांगितलं.

"झाली ना. फोटो आहे आमच्याकडे. एका शॉटने हरलेला खेळाडू, आणि त्याच्यामागे पिशवी घेऊन तुमचे वडीलच उभे आहेत. त्या खेळाडूंशीही बोलले मी. ते म्हणाले, शेवटच्या होलला कॅडी सांगत होता छोटी स्टिक घ्या, मीच ऐकलं नाही. तसंच छापतोय आम्ही."

फोटो मोबाइलवर आला. तरणेबांड बाबा, नजर जमिनीवर. मागे बक्षीस समारंभाचं कापड वाऱ्याने टम्म फुगलेलं. मला आधी रागच आला. इतकी वर्षं आपल्याच लेकीला थाप मारली! पण राग धरून बसायला वेळ कुठे होता? आज विचारलं नाही तर उद्या त्यांना तरी ते सापडेल की नाही, कोण जाणे.

मी फोटो त्यांच्यापुढे धरला आणि खेळाडू काय म्हणाला ते वाचून दाखवलं. बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटून ओरडले, "खोटा बोलतो तो! छोटी स्टिक कोन बोलला? मीच मोठी सांगली त्याला!"

आमच्या गावात भरती बोटांवर मोजतात. अमावस्येपासून तिथी धरायची आणि दर तिथीला पाऊण तास पुढे जायचं. भरती लागली की खाडीवरून वारा उठतो, यावर मुर्ध्याच्या माणसाचा ठाम विश्वास. बाबांनी तो विश्वास गोल्फच्या मैदानावर नेला होता. बाकीचे कॅडी चिमूटभर गवत उडवून वारा बघत, बाबा बोटं मोजत. आणि ते बरोबर यायचं, म्हणून तर त्या खेळाडूला दर वर्षी बाबाच हवे असत.

त्या वर्षी शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर तो बरोबरीत होता. तिनाची वेळ, पान हलत नव्हतं. बाबांनी बोटं मोजली, द्वादशी आली. म्हणजे भरती आत्ता लागणार, वारा समोरून येणार. म्हणून बॉल जास्त लांब नेणारी मोठी स्टिक. खेळाडू क्षणभर थांबला, त्याने बाबांकडे बघितलं, आणि बॉल मारला. वारा आलाच नाही. बॉल ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं गुळगुळीत गवत, ओलांडून मागच्या तळ्यात गेला.

"त्या पंधरवड्यात एक तिथी गळाली व्हती, बाय," बाबा म्हणाले. "मी दिवस मोजलं. क्यालेंडर बघितला न्हाय."

भरतीसाठी कॅलेंडर बघायचं म्हणजे मुर्ध्याच्या माणसाला कमीपणा वाटतो. त्या दिवशी त्रयोदशी होती. वारा पाऊण तासाने आला, बक्षीस दुसऱ्याला मिळत होतं तेव्हा. खेळाडूने बाबांच्या पाठीवर हात ठेवला. तो चषक त्याला पुढे कधीच मिळाला नाही. बाबांनी नंतरही पुष्कळ वर्षं पिशव्या वाहिल्या, पण वारा कुणालाच सांगितला नाही. तो खेळाडू निरोप पाठवायचा आणि बाबा नेमके तेव्हा आजारी पडायचे. मला माझ्या लहानपणचे ते थंडीचे दिवस आठवले, बाबा चादर ओढून पडलेले आणि आई उगाच काढा करत असलेली. मला रडू आलं.

"माझी चूक त्याच्या नावावर नको," बाबा म्हणाले. "त्याला फोन लाव."

बाईंनी त्या खेळाडूला विचारून नंबर दिला. मी स्पीकर लावला. पलीकडचा आवाज म्हातारा, संथ. बाबा ताठ उभे राहिले, खांद्यावर पिशवी असल्यासारखे.

"साहब, वो हवा मेरी थी."

पलीकडून लगेच, "मालूम है. पर मारा तो मैंने था."

"नहीं साहब, मैंने तिथी गलत गिनी."

"तो दोनों का लिखवा दो." आणि जरा थांबून, "इतने साल कहाँ छुपा रहा? इस साल आजा."

"पैर नहीं चलते, साहब."

"मेरे कौन से चलते हैं. बैठ के देखेंगे."

बाबांनी फोन माझ्या हातात दिला. गाल ओले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मला वाटलं, आता दमले, झोपतील. तर ते कपाटापाशी गेले.

"बाय, मना पांढरा शर्ट काढून दे. घालून बसतो."

"बाबा, स्पर्धेला अजून पंधरा दिवस आहेत."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन तवर इसरलो तं?"