बाबांचं शेकरू

दिनांक २७ डिसेंबर १९८७, रविवार. हजर: बाबा, आई, मी, माझी दहा वर्षांची मुलगी, धाकटी बहीण, तिचे यजमान म्हणजे आमचे धाकटे जावई, आणि भाड्याच्या मॅटाडोरचा ड्रायव्हर. गैरहजर: माझे यजमान, कारण त्या रविवारी नेमकी त्यांची पाळी लागली होती. ठिकाण: घोटीच्या पुढे, भंडारदऱ्याच्या अंगाला असलेलं डोंगरातलं अभयारण्य. कारण: बाबांना शेकरू बघायचं होतं.

शेकरू म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार. मांजराएवढं अंग, तांबूस पाठ, पिवळट पोट आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. हे वर्णन मी तेव्हा पाहून केलेलं नाही, ते मला पाचव्या वर्षापासून पाठ होतं. बाबांच्या मामाचं गाव त्या डोंगरात. लहानपणी उन्हाळ्यात तिथे राहायला गेले की मामाच्या घरामागच्या झाडीत त्यांना ते रोज दिसायचं. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी बहिणी गोष्ट सांगा म्हणून मागे लागायचो आणि बाबा फिरून फिरून त्याच झाडाखाली येऊन बसायचे. शेकरूनं मामाचा आंबा कसा अर्धा खाऊन खाली टाकला, एका फांदीवरून दुसऱ्या झाडावर कशी उडी मारली, वगैरे.

आम्ही नाशिक रोडला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा छापखान्यात छापून आलेले कागद तपासायच्या कामाला होते. खारी आमच्याकडेही होत्या, पण त्या बोटभर. मांजराएवढी खार आम्हाला खरी वाटेना. दर सुट्टीत बाबा म्हणायचे, या खेपेला तुम्हाला दाखवतो. आणि दर सुट्टीत काहीतरी निघायचं. ओव्हरटाइम, कुणाचं लग्न, आईचं दुखणं. होता होता घरात ती म्हणच पडली. जे कबूल केलेलं असतं आणि दिसत मात्र कधीच नाही, ते बाबांचं शेकरू. बोनस लांबला की आई म्हणायची, बोनस म्हणजे यांचं शेकरूच झालं. नळाचं पाणी, गॅसचा नंबर, बहिणीला सांगून आलेलं नागपूरचं स्थळ, सगळ्यांना आम्ही ती म्हण लावली. बाबा स्वतःही हसायचे. पुढे जावई आले आणि त्यांनी ती म्हण आमच्यापेक्षाही चांगली वापरायला सुरुवात केली.

घरात दुसरी एक गोष्ट होती, तिचीही जावयांना मजा वाटायची. आम्ही बोट सरळ करून काही दाखवत नाही. कोवळ्या काकडीला, दुधीला बोट दाखवलं की ती कुजते, हे पुष्कळ घरांत मानतात. बाबांच्या मामाकडे हा नियम घरट्यांनाही होता. घरट्याला बोट दाखवलं की पाखरू ते सोडून जातं. शेकरूचंही घरटं असतं, काटक्यापानांचा मोठा गोळा, म्हणून शेकरूलाही बोट नाही. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून पेरानं दाखवायचं, नाहीतर हनुवटीनं. चुकून सरळ बोट झालंच तर ते दातांखाली धरायचं. लहानपणी हे इतकं अंगात भिनलं की आम्ही बहिणी बससुद्धा वाकड्या बोटानं दाखवायचो. जावई लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आले तेव्हा दोन दिवस बघत राहिले आणि मग आईला म्हणाले, तुमच्या घरात सगळ्यांनाच संधिवात आहे की काय.

१९८६च्या सुमारास बाबांना नीट दिसेनासं झालं. निवृत्त होऊन आईसह ते माझ्या यजमानांच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, त्याला फार दिवस झाले नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हाचे डॉक्टर तो पिकल्याशिवाय हात लावत नसत. आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी जायचो, ते टॉर्च मारून बघायचे आणि अजून कच्चा आहे म्हणून परत पाठवायचे. आंब्याच्या अढीसारखं ते चाललं होतं. शेवटी जानेवारीतली तारीख मिळाली. पण मधल्या काळात समोरच्या क्वार्टरमधल्या काकांचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यांचा डोळा गेला. तेव्हापासून बाबा पेपर डोळ्यांजवळ धरून नुसते बसायचे, पान उलटायचे नाहीत.

मी त्यांच्या खोलीत तारखेची तयारी सांगायला गेले होते. कुठले कपडे, कोण रात्री थांबणार, डबा कुणाचा. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "डोळ्यांचं व्हायचं ते होईल. त्याआधी एकदा शेकरू बघून घेऊ दे मला."

त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. मी त्याच आठवड्यात गाडी ठरवली.

मुलीची नाताळची सुट्टी, थंडीचे दिवस, रस्ते कोरडे. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत पोचायचं आणि अंधाराआधी घोटीला परत यायचं, असं मी बसवलं होतं. दशम्या, लसणाची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, पाण्याचे दोन कॅन, बाबांची काठी, मफलर. सगळं वेळेवर झालं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी पायऱ्यांवर येऊन बसले होते. घोटीला चहा घेतला आणि डावीकडे वळलो. कळसूबाईचं टोक दिसायला लागल्यावर बाबा ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागले. ड्रायव्हरला रस्ता माहीत होता, पण त्यानं ते सांगितलं नाही. चांगला माणूस होता.

त्या जंगलाला अभयारण्य म्हणायला लागून फार दिवस झाले नव्हते. नाक्यावर वनखात्याचा एक माणूस होता. जावयांनी त्याला विचारलं, प्राणी बघायला कुठल्या बाजूनं जायचं. तो म्हणाला, सगळ्या बाजूंनी जा, दिसले तर दिसले. जावयांनी मुंबईची राणीची बाग तेवढी पाहिलेली. ते मागे वळून बहिणीला म्हणाले, म्हणजे इथे सरकारनंच बाबांचं शेकरू केलंय. सगळे हसले. बाबाही हसले, पण त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, ते मी पाहिलं.

वाडीत बाबांच्या मामेभावाचं घर होतं. मामेभाऊ वारलेले, त्यांच्या पत्नी होत्या, बाबांच्या वहिनी. आम्ही काकू म्हणायचो. त्या अंगणात भात पाखडत होत्या. बाबांना पाहून सूप तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"लय दिसांनी वाट सापडली भावजी."

"वहिनी, डोळे जायला लागले तेव्हा सापडली," बाबा म्हणाले.

चहा झाला. बाबांनी विचारलं, मागच्या झाडीत अजून शेकरू आहे का. काकू म्हणाल्या, हाय की, पण वर सरकलंय, पाण्याच्या बाजूला, थोडं चढावं लागंल. चढ फार नव्हता, पण बाबांना पायाखालचं दिसत नव्हतं. एका बाजूला मी, एका बाजूला जावई, असं त्यांना नेलं. आई आणि बहीण मागून डबे घेऊन. काकूंनी आम्हाला एका हिरड्याच्या झाडापाशी बसवलं. शेजारी जांभूळ, त्याच्यामागे दाट रान. हिरड्याच्या वरच्या बेचक्यात काटक्यापानांचा गोळा होता. काकूंनी तो हनुवटीनं दाखवला. आम्हा सगळ्यांना दिसला.

मग वाट बघणं. मुलगी कंटाळली, मग तिनं कंटाळणंही सोडून दिलं आणि पालथी पडून मुंग्या बघत बसली. आईनं दशम्या वाढल्या, त्या आम्ही न बोलता खाल्ल्या. जावयांनी घड्याळ बघितलं, मी बघितलं नाही. बाबा झाडाला पाठ लावून मान वर करून बसले होते. जेवतानासुद्धा मान खाली घेतली नाही, घास चाचपून तोंडात घालत होते.

आधी आवाज आला. लाकडावर लाकूड घासल्यासारखा, खडखडीत आणि मोठा. काकूंनी ओठांवर हात ठेवला. पानं हलली आणि ते बेचक्यातून फांदीवर आलं.

बाबांनी सांगितलं होतं तसंच होतं. उलट त्यांनी थोडं कमीच सांगितलं होतं. पाठीचा रंग उन्हात पेटल्यासारखा दिसत होता आणि शेपूट फांदीखाली सोडलेलं. बहिणीनं माझा दंड धरला. आई नुसतं "अगं बाई" म्हणाली. मुलगी उठून बसली, तिनं बोट वर केलं आणि मग आठवण होऊन ते वाकवलं.

"आजोबा, ते बघा. तिथे."

"कुठे?"

"तिथे. वर."

आम्ही सगळे सांगायला लागलो, हळू आवाजात. जाड फांदीच्या पुढे. नाही, डावीकडे. गोळ्याच्या खाली. कुणी हनुवटीनं, कुणी पेरानं. वाकड्या बोटानं बस दाखवता येते, कारण बस मोठी असते. पानांत बसलेलं जनावर धूसर डोळ्यांच्या माणसाला वाकड्या बोटानं दाखवता येत नाही. बाबा मान इकडून तिकडे फिरवत होते. शेकरू फांदीवर बसून काहीतरी फळ खात होतं. त्याला घाई नव्हती.

जावयांना राहवेना. ते बाबांच्या मागे गुडघ्यावर बसले, आपला गाल त्यांच्या गालाला लावला आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढे करून बोट सरळ केलं, नेम धरल्यासारखं. त्या बोटाच्या रेषेत बाबांना ते कदाचित दिसलं असतं. पण बाबांनी हात वर करून ते बोट पकडलं आणि जावयांच्या मुठीत परत मिटवलं.

"नको. पिल्लं असतील."

मग परत वर बघितलं, थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दिसलं."

तेवढ्यात ते उठलं, फांदीच्या टोकापर्यंत गेलं आणि मागच्या रानात उडी मारली. फांदी पुष्कळ वेळ हलत होती. जावई बाबांना म्हणाले, बाबा, मानलं, इतकी वर्षं बोललो ते सगळं परत घेतो. बाबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. उतरताना ते खूप बोलत होते. मला एवढंच वाटून गेलं होतं की दिसलं म्हणताना बाबांचं तोंड जांभळाकडे होतं. पण शेकरू काय, या झाडावरून त्या झाडावर जातं. मी तो विचार पुढे नेला नाही.

निघताना काकूंनी घरची वरई एका पितळी डब्यात भरून दिली. डब्याला एका बाजूला पोचा होता. आई म्हणाली, वरई पिशवीत ओतून घेते, डबा इथेच राहू दे, उगीच पुन्हा परत करायची कटकट. एरवी असल्या गोष्टीत बाबा लक्ष घालत नसत.

"डबा घे," ते म्हणाले. "डबा असला की परत यावं लागतं."

जानेवारीत ऑपरेशन झालं. चांगलं झालं. फेब्रुवारीत जाड भिंगांचा चष्मा आला आणि बाबा पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लागले, जाहिरातींसकट. एकदा मी स्वयंपाकघरात फडताळ आवरत होते. ते दारात येऊन उभे राहिले. पितळी डबा माझ्या हातात होता.

"तो परत दिला नाही ना अजून?"

मी म्हटलं, नाही, कोण जातंय तिकडे.

"बरं झालं. त्या दिवशी मला काही दिसलं नव्हतं. नुसतं हिरवं."

मी विचारलं, मग दिसलं कशाला म्हणालात.

"पोरगी एवढी नाचत होती. आणि जावयांनी पुन्हा बोट केलं असतं." मग म्हणाले, "आता दिसेल. हा डोळा चांगला झालाय. जावयांना सांगू नकोस, पण परत जाऊ. डबा द्यायचं निमित्त आहेच. रिकामा द्यायचा नाही. वहिनींना मनुका आवडतात."

मी उन्हाळा ठरवला. उन्हाळ्यात बहिणीचं बाळंतपण आलं, पहिलंच, आणि ते आमच्याकडे. पावसात त्या वाटेनं बाबांना नेण्यात अर्थ नव्हता. दिवाळीला आम्ही इंदिरानगरच्या नव्या घरात राहायला गेलो. तिथे तेव्हा धड रस्तेही नव्हते, सामान हलवण्यातच सुट्टी संपली. नाताळात मुलीला कांजिण्या आल्या. यातलं काहीही टाळण्यासारखं नव्हतं. मी आजही एकेक कारण तपासून बघते, प्रत्येक खरं आहे. बाबांनी मध्ये दोनदा विचारलं, तेही आडून. मनुकांचा भाव काय चाललाय म्हणून.

१९८९च्या मार्चमध्ये त्यांना छातीत दुखायला लागलं आणि चौथ्या दिवशी ते गेले. भेटायला येणाऱ्यांना जावई शेकरूची हकिकत सांगायचे. मी इतकी वर्षं चेष्टा केली आणि बाबांनी मला झाडाखाली नेऊन दाखवलं, म्हणायचे. मी शेजारी बसून पाणी, चहा बघत होते. सांगू नकोस म्हणाले होते, म्हणून सांगितलं नाही.

घरात ती म्हण त्यानंतर कुणी वापरली नाही. बोनस लांबला तर लांबला एवढंच म्हणतो.

डबा माझ्याकडे आहे. दर दिवाळीला मी तो चिंचेनं घासते. पोचा तसाच आहे. काकू आता खूप थकल्या असतील. असतील की नाहीत, तेही कळवणारं कुणी नाही. नसल्या तर त्यांच्या सुनेच्या हातात द्यायचा. झाडापर्यंत कुणी नेलं तर वर बघायचं, बोट वाकडं ठेवून. मनुका दोनदा आणल्या, दोन्ही वेळा घरात संपल्या. या खेपेला आणल्याबरोबर डब्यातच भरायच्या आहेत.